अडुळशाचं कुंपण

पाथरीच्या वाणी आळीत सांबप्पा वाण्याचं घर होतं. मधे अंगण, पूर्वेला एक सोपा, पश्चिमेला एक. सांबप्पा गेले आणि वर्ष सरायच्या आत त्यांच्या दोन्ही लेकांनी वाटणी मागितली. थोरल्या सिद्रामप्पाला दुकान आणि पूर्वेचा सोपा आला, धाकट्या शिवरुद्राला रान आणि पश्चिमेचा सोपा. भांडी वाटली, जात्याची एक जोडी होती तिथं दुसरी आणली. म्हातारी आईसुद्धा वाटली, एक महिना इकडं, एक महिना तिकडं. राहिलं अंगण.

"मधून भिंत घालतो," शिवरुद्र पंचांसमोर म्हणाला. "रोजची कटकट नको."

त्याची आई चन्नबसम्मा ओट्याच्या खांबाला टेकून बसली होती. कपाळावर विभूतीची तीन बोटं, गुडघे दोन्ही कामातून गेलेले. ती म्हणाली, "मी हाय तवर भिंत न्हाई. मी ज्या घरी बसंन तिथून दुसऱ्याचं दार मला दिसाया पायजे. मेल्यावर घाला काय घालायची ती."

पंच म्हणून बसलेल्या माणिकराव देशमुखांनी तोड काढली. भिंत नको तर झाडाचं कुंपण घाला. म्हातारी त्यालाही लगेच कबूल झाली नाही. कमरेच्या वर जाणारं नको. काट्याचं नको, रक्ताच्या माणसांत काटे कशाला. आणि बारा महिने हिरवं पाहिजे, वाळल्या काटक्यांचं कुंपण दारात असलं की घर बसल्यासारखं दिसतं. शिवरुद्राने आपलं एक त्यात घातलं, की इतकं दाट पाहिजे की पलीकडे हात जाऊ नये.

"मग असलं झाड हुडकायचं कुणी?" देशमुखांनी विचारलं.

सगळ्यांनी गंगम्माकडं पाहिलं. गंगम्मा म्हणजे थोरल्याची बायको. तेराव्या वर्षी या घरात आली होती, आता पंचेचाळिशी उलटली होती. दोन्ही लेकी जिंतूरकडे दिलेल्या. घरात ज्या कामाला धनी नसे ते काम तिच्याकडे येई, आणि ती ते करी, कारण नाही म्हणायलाही अंगात ताकद लागते. त्या दिवशी ती पाणी द्यायला उभी होती. तिने रिकामे तांबे गोळा केले आणि म्हणाली, "बघते."

तिची जाऊ नीलम्मा अजून पंचविशीतली. तिला कुंपणाला मेंदी लावायची होती. गंगम्मा कचेरीच्या आवारातली मेंदी बघून आली. ऐन माघात तिची पानं झडून नुसत्या टोकदार काड्या उभ्या होत्या. शेराला बाराही महिने हिरवेपणा, पण त्याचा चीक लेकराच्या डोळ्यात गेला म्हणजे? कण्हेर डोक्याच्या वर जाते, आणि ती खाऊन देशमुखांचं वासरू मेलेलं सगळ्यांना ठाऊक होतं. तगरीपाशी मात्र तिचा जीव अडकला. गच्च हिरवी पानं, पांढरं स्वच्छ फूल, लिंगपूजेला असं फूल दुसरं नाही. दोन दिवस तिने तगरीचाच विचार केला. मग तिच्या लक्षात आलं की रोज पहाटे दोन घरच्या पूजेसाठी एकाच ओळीतली फुलं तोडली जातील, आणि तुझी किती, माझी किती, यावर दिवस उगवायच्या आधी तोंडं सुरू होतील. तिने तगर सोडली.

ओढ्याकाठी कस्तुराबाई नावाची एकटी बाई राहायची. तिच्या न्हाणीच्या पाण्यावर अडुळसा माजला होता. पानं लांब, गडद, कडू वासाची. शेळ्या येत, हुंगत आणि पुढं जात.

"उन्हाळ्यात झडतो का गं ह्यो?" गंगम्माने विचारलं.

"पाणी असल्यावर काय झडतो. लय वाढतो मातर. तुला कशाला, खोकला झालाय?"

"कुंपणाला."

कस्तुराबाई हसली. "फुलाचं लाव की काही. ह्याचा पाला जनावरं बी खाईनात."

"म्हूनच," गंगम्मा म्हणाली. कडू पाल्यावरून कोण भांडणार?

आषाढात काम काढलं. शिवरुद्राने अंगणात सुतळी ताणून रेघ मारली आणि तो रानात गेला. सिद्रामप्पाने अर्धा चर खणला, कंबर धरली आणि "असू दे आता" म्हणत दुकानात जाऊन बसला. उरलेला अर्धा गंगम्माने खणला. गावठाणातली पांढरी माती, वर पावसाने लोण्यासारखी आणि आत दगड. तिने तीत शेणखत मिसळलं आणि हात हात अंतरावर अडुळशाच्या काड्या खोचल्या, दोन डोळे मातीत, दोन वर. भाद्रपदात झड लागली, चरात पाणी तुंबलं आणि निम्म्या काड्या कुजल्या. तिने ओढ्याची वाळू डोक्यावरून आणून खाली घातली आणि पुन्हा लावल्या. उन्हाळ्यात भांड्यांचं पाणी, धुण्याचं पाणी, सगळं तिकडं. नीलम्मा आपल्या ओट्यावरून बघायची. तिच्या बाजूने एक तांब्या कधी पडला नाही.

दुसऱ्या वर्षी झाडं उंच झाली, पण खाली नुसते उघडे दांडे. शिवरुद्र म्हणाला, "ह्यातून तर बैल जाईल." आणि खरंच एके दिवशी त्याचाच बैल दावं तोडून अंगणात शिरला आणि चार झाडांचे शेंडे मोडून गेला. गंगम्माला वाटलं, झालं, ही गेली. पण महिन्याभरात त्याच चार झाडांना बुडापासून फुटवे आले आणि ती आजूबाजूच्या झाडांपेक्षा दाट दिसू लागली. मग तिने विळा घेतला आणि सगळी ओळ मांडीइतकी छाटून टाकली. आपण लावलेलं आपणच कापताना तिचा हात दोनदा थांबला होता. तिसऱ्या वर्षी कुंपण असं भरलं, की कमरेइतकी हिरवीगार भिंत. थंडीत पांढरी फुलं यायची, त्यांच्यावर भुंगे घुमायचे. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत.

म्हातारीला दोन्ही दारं दिसत होती. पण एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. कुंपणात वाट ठेवलेली नव्हती.

झाडं लहान होती तोवर अमावस्या सरून महिना बदलला की पाडव्याला म्हातारीला हात धरून दोन झाडांमधून पलीकडे नेत. आता ते जमेना. मग तिला एका दारातून वाणी आळीत काढायचं, कोपऱ्यावरच्या पिंपळाला वळसा घालायचा, मागच्या गल्लीतून दुसऱ्या दाराशी आणायचं. चालणं तर उरलंच नव्हतं. एक लेक पाठीवर घ्यायचा. लोक ओट्यांवरून बघायचे. ती पदर तोंडावर ओढून घ्यायची.

"एक वाट पाड की रे," सिद्रामप्पा भावाला एकदा म्हणाला.

"वाट पाडली की वहिवाट झाली," शिवरुद्र म्हणाला. "उद्या तुमी न्हाई, तुमचे जावई हक्क सांगतील. फैसला झाला तो झाला."

"असू दे," सिद्रामप्पा म्हणाला.

सगळ्यांनी शिवरुद्राला नावं ठेवली. गंगम्मानेही मान हलवली. पण आतून तिला बरं वाटलं होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही. म्हातारी आपल्याकडं असली की पहाटे तिचं अंघोळीचं पाणी, पूजेची मांडणी, मऊ भात, मग तेल घेऊन गुडघे चोळणं, मग खोकल्याचा काढा, आणि दिवसभर "गंगे, गं गंगे" चालूच. महिना पलीकडचा असला की हाक यायची खरी, पण मधे कुंपण होतं आणि फिरून जायचं तर सगळी आळी ओलांडायची. तेव्हा "आले हं अत्याबाई" म्हणून ती बसल्या जागी बसून राहू शकायची. एवढ्या वर्षांत तिला मिळालेला विसावा म्हणजे तेवढाच.

लढाईचे दिवस होते. राकेल मिळेना, साखर मिळेना, दुकान अर्धं रिकामं. त्या श्रावणातल्या पाडव्याला शिवरुद्र आईला पाठीवर घेऊन आपल्या घराकडं निघाला. गल्लीत चिखल. पिंपळापाशी त्याचा पाय सरला आणि दोघंही आडवी झाली. म्हातारीचं हाड मोडलं नाही, पण मांडी काळीनिळी झाली. चार माणसांनी तिला उचललं. शिवरुद्र घरी आला तो अंगभर चिखल घेऊनच ओट्यावर बसला. मग कुंपणापलीकडं बघत म्हणाला, "वैनी, पाडा वाट. माझं काई म्हणणं न्हाई."

झाडं गंगम्माची, तेव्हा विळाही तिनेच घ्यायचा, असं सगळ्यांनी धरून चाललं. ती म्हणाली, पाऊस उघडू दे. पाऊस उघडला. मग म्हणाली, आत्ता कापलं तर बाजूच्या झाडांची मुळं दुखावतील. मग गौरीगणपती आले, गेले. सिद्रामप्पाने एकदा जेवताना विचारलं, "काहून टाळायलीस?" तिने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

एके दुपारी नीलम्मा आळीला वळसा घालून आली. कडेवर दोन वर्षांची लेक, डांग्या खोकल्याने मलूल झालेली. नीलम्माचे डोळे खोल गेले होते, केसांना चार दिवस तेल नव्हतं. ती उंबऱ्यातच बसली.

"अक्का, वाट कवा पाडायची?"

"पाडू की."

"पाडू पाडू म्हणून दोन म्हैने झाले. अत्याबाई आमच्याकडं असल्या की तुमचंच नाव. माझ्या हातचा काढा थुंकून टाकत्यात. इकडं हिला खोकल्यानं उलट्या. मी कुणाकुणाकडं बघू?"

गंगम्मा तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. कितीतरी दिवस तोंडाशी येऊन परत जात होतं ते तिने मग सांगूनच टाकलं. "मला न्हाई पाडायची वाट."

नीलम्मा बघतच राहिली.

"वाट झाली की त्या मला हाक मारतील अन् मी जाईन. तू हाक मारशील अन् मी जाईन. मग माझा म्हैना बी माझा अन् तुझा म्हैना बी माझाच. मला व्हईना आता, नीलू. मी थकले. मला दुपारचं घटकाभर पडायचंय, एवढंच."

लेक खोकायला लागली. खोकली, खोकली, निळी पडली, मग श्वास आला. गंगम्माने हात पुढं केले आणि पोरीला घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली.

नीलम्मा भिंतीला टेकली. "मला वाटायचं तुमाला कदी काई व्हतच न्हाई."

"तसं दिसतं."

मग नीलम्मा म्हणाली, "जेवणं झाल्यावर अत्याबाईचे पाय मी चोळीन. त्या तुमच्याकडं असल्या तरी येऊन चोळीन. तवा तुमाला कुणी हाक मारायची न्हाई. मी मारू देणार न्हाई. काढा तेवढा तुमी तुमच्या हातानं द्या, तो माझ्याच्यानं जात न्हाई त्यांच्या पोटात."

"अन् मला उठवलं तर?"

"तर वाट बंद करा."

गंगम्माला हसू आलं. पोरगी खांद्यावर झोपली होती. तिने तिला गोधडीवर ठेवलं आणि कोनाड्यातला विळा काढला. "चल, तुज्या बाजूनं तू धर."

तीन झाडं काढायला दोघींना संध्याकाळ झाली. मुळं हाताएवढी जाड, पांढऱ्या मातीत घट्ट बसलेली. नीलम्माच्या तळहाताला फोड आले, पण कुदळ तिने सोडली नाही. निघालेला पाला गंगम्माने धुवून आडव्या बांबूवर वाळत घातला, हिवाळ्याच्या काढ्याला झाला. शिवरुद्र रानातून आला, वाटेकडं बघून उभा राहिला. तिची रुंदी त्याने नजरेने मोजली. "लय रुंद झाली," एवढंच म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलम्मा तेलाची वाटी घेऊन वाटेतून अलीकडं आली, कारण तो महिना गंगम्माकडचा होता. पहिल्यांदा म्हातारीने पाय आखडून घेतले. "तुझा हात गार हाय," म्हणाली. नीलम्माने हात चुलीवर शेकून आणले. गंगम्मा आतल्या खोलीत पडली, पण झोप येईना, कान बाहेरच. तीन-चार दिवस असंच गेलं. एकदा म्हातारीने हाक मारलीच, आणि गंगम्मा उठून बसली, तेवढ्यात नीलम्माचा आवाज आला, "अत्याबाई, अक्का न्हाईत घरात." उघड खोटं होतं. म्हातारीने पुन्हा हाक मारली नाही.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला काढा देताना म्हातारीने गंगम्माचं मनगट धरलं. "वाट पाडायला तू उशीर कामून लावलास ते मला कळतं गं," ती म्हणाली. "मी बी माज्या सासूला अशीच कटाळले व्हते. पण मला कुणी कुंपण करून दिलं न्हाई."

गंगम्माने पदराने तिचं तोंड पुसलं. "काढा सगळा घ्या," ती म्हणाली.

पुढं ठरलेलं सगळंच पाळलं गेलं असं नाही. कधी पोरीचा खोकला वाढे, कधी नीलम्माचीच कंबर धरे, आणि दुपारी हाक यायची ती यायचीच. शिवरुद्र आणि सिद्रामप्पा एकमेकांशी कामापुरतंच बोलत. पण बहुतेक दुपारी गंगम्माला तिची घटका मिळू लागली. कार्तिकातल्या एका दुपारी ती हात उशाला घेऊन आडवी झाली आणि उठली तेव्हा खोलीत अंधार शिरला होता. ती दचकून बाहेर आली. चूल पेटलेली होती. नीलम्मा भाकरी थापत होती आणि म्हातारी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. गंगम्माने तोंडावर पाणी मारलं आणि पिठाची परात आपल्याकडे ओढली.