तळमजला, एकटी, पायाने अधू

मामींनी नोटीस तिच्या हातात ठेवली आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं.

"हे वाच. मोठ्यानं."

नदीकाठ राहण्यास धोकादायक असल्याने घर महिन्याभरात रिकामं करावं, असा मजकूर होता. खाली रहिवाशाची माहिती: तळमजला, एकटी, पायाने अधू, दार मागच्या बाजूने. ते शब्द तिचेच होते.

ती दवाखान्यात नर्स होती. मागच्या पुरात फोन बंद पडले, त्यानंतर तिने आणि तिच्या धाकट्या भावाने घरांच्या छपरांवर छोटी बिनतारी यंत्रं बसवली. एका छपरावरून दुसऱ्यावर निरोप जायचा, नकाशावर लाल ठिपका उमटायचा आणि होडी नेमक्या दारात पोचायची. त्यामागचा प्रोग्राम धाकट्याने लिहून सगळ्यांना खुला करून टाकला होता. कुणीही घ्यावा, सुधारावा, आपल्या गावात वापरावा. खालच्या आळीतले लोक मात्र घरची माहिती द्यायला कचरत होते. ती दारोदार फिरली, माझ्या शब्दावर सांगा म्हणाली. लोकांना धीर यावा म्हणून यादीत पहिलं नाव मामींचं लिहिलं. या भावंडांना मामींनीच लहानाचं मोठं केलं होतं.

धाकटा आता नगरपालिकेसाठी मोजणी करणाऱ्या कंपनीत होता. यादी आपणच दिली, हे त्याने नाकारलं नाही. कंपनीला यादी हवी होती, काठ खरंच धोक्याचा आहे, लोकांना पुढेमागे दुसरीकडे घरं मिळतीलच, असं तो सांगत राहिला.

"सगळं खुलं ठेवायचं, हे तूच म्हणायचीस ना, ताई?"

"प्रोग्राम म्हणाले होते. माणसं नाही."

तो टेबलाची कड नखाने खरवडू लागला.

"मामींचं नाव तेवढं गाळायला हवं होतं मी."

एवढंच त्याला सलत होतं. ती उठली.

त्या आठवड्यात ती पुन्हा प्रत्येक दारात गेली. कुणी भांडलं नाही. पाणी दिलं, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. कोपऱ्यावरचा शिंपी तेवढा म्हणाला, नर्सबाई, पुढच्या खेपेला आमची वजनंही लिहून घ्या, उचलून टाकणाऱ्यांना सोपं जाईल. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि लोकांच्या लेखी कुंपण तीच होती.

महिना भरायच्या आतच नदी चढली. दुपारी दवाखान्यातल्या पडद्यावर वरच्या आळीतले ठिपके भराभर उमटले. खालच्या आळीत एकही नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने तपासणीचा निरोप धाडला. लगेच उत्तर आलं. यंत्र ठीक होतं.

तिने फोन टेबलावर ठेवला, दोर खांद्यावर टाकला आणि होडीवाल्याला घेऊन निघाली.

मामींच्या उंबऱ्यावरून पाणी आत शिरलं होतं. त्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. तिला पाहून हलल्या नाहीत.

"लिहून घेणारेस?"

"नाही."

मामींनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग शेजारच्या भिंतीकडे मान वळवली.

"आधी शेजारणीला काढ. ओली बाळंतीण आहे. यादीत नाही ती."