व्याख्येत न बसणारी माणसं

शहराच्या आरोग्याधिकाऱ्यांना लोक पाठीमागे टक्केसाहेब म्हणत. आमटीत मीठ जास्त झालं, तरी ते किती टक्के जास्त हे सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे.

शहराच्या खालच्या भागात जुलाबांची साथ आली, तेव्हा तिथल्या टाकीचं पाणी त्यांनीच तपासून घेतलं. दूषित निघालं. ते धापा टाकत नगराध्यक्षांकडे गेले.

"अहो, त्याच टाकीला उत्कृष्ट पाणीपुरवठ्याचं बक्षीस मिळतंय," नगराध्यक्ष म्हणाले. "समारंभ होईपर्यंत साथ नको."

"साथ काय आपल्या हातात असते, साहेब?"

"साथ नसेल. पण साथ कशाला म्हणायचं, ते तर तुमच्याच हातात आहे ना?"

टक्केसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच रुग्णाची नवी व्याख्या केली. लहान मुलं वगळली, कारण दात येताना पोट बिघडतंच. म्हातारी माणसं वगळली, कारण वय झालं. मधल्या वयाच्यांनी बाहेरचं काहीबाही खाल्लेलं असणारच. एवढं चाळूनही काही चिवट माणसं उरली, त्यांना अख्ख्या शहराच्या लोकसंख्येने भागलं. त्या टाकीचं पाणी फक्त खालचा भाग पितो, हे भागाकारात कुठे दिसतं? साथ संपली. जुलाब तेवढे चालू राहिले.

मग भोंगा लावलेल्या गाडीतून त्यांचाच आवाज गल्लोगल्ली फिरला, "पाणी शुद्ध आहे. अफवांवर विश्वास ठेवू नका." साथच नाही म्हटल्यावर रुग्णालयातल्या सलाइनच्या जादा बाटल्याही त्यांनी परत पाठवल्या.

आता गंमत अशी, की साहेबांचं घरही खालच्याच भागात होतं. त्यांनी बायकोला बजावलं, "पाणी उकळूनच प्यायचं. आणि हे कुणालाही बोलायचं नाही." आई थोरल्या भावाकडे राहायची, दोन गल्ल्या सोडून. पण बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत सासूच्या कानावर बातमी जाणारच! आपण बोललो असंही होणार नाही आणि आईही सुरक्षित राहील, असा त्यांचा पक्का हिशेब होता.

नेमकं त्याच वेळी बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं ऐकलं.

आईला रुग्णालयात नेल्याचा भावाचा फोन आला, तेव्हा साहेब बायकोवर कडाडले, "आईला सांगितलं नाहीस?"

"कुणालाही नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?" बायको रडायलाच लागली.

साहेब घरचा थर्मास उचलून धावले. वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. आई खाटेवर सुकून एवढीशी झाली होती. डोळे खोल गेले होते.

"शेवटची बाटली लावलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जादा बाटल्या तुम्हीच परत पाठवल्यात."

"अहो, पण ती पेशंट आहे!"

"तुमच्या व्याख्येत नाही बसत. त्या नुसत्या म्हाताऱ्या आहेत." त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. "आता तोंडाने घोट घोट पाणी पाजत राहा. तेवढंच हातात आहे."

साहेबांनी थर्मासमधलं पाणी पेल्यात ओतलं आणि आईच्या ओठांशी नेलं. आईने डोळे उघडले.

"धाकटा का? हे कुठलं पाणी?"

"घरचं, आई. उकळलेलं."

तिने तोंड फिरवलं. "उकळायचं कशाला? नळाचं चांगलं आहे, भोंग्यावर तूच सांगितलंस. तुझी वहिनी उकळायचं म्हणत होती, मी तिला झापलं. म्हटलं, माझा लेक खोटं बोलेल का?"

इकडेतिकडे पाहून साहेब आईच्या कानाशी वाकले आणि पुटपुटले, "आई, नळाचं पिऊ नकोस."

"काय? ऐकू येत नाही रे. भोंग्यावर बोलतोस तसं बोल की."

साहेबांनी आईच्या कोरड्या ओठांकडे पाहिलं. "नळाचं पाणी खराब आहे, आई!" ते ओरडले. "हे पी!"

अख्ख्या वॉर्डाने वळून पाहिलं. आईने मुकाट्याने पेल्याला तोंड लावलं. शेजारच्या खाटेवर एक बाई लेकराला कोपऱ्यातल्या नळाचं पाणी पाजत होती. त्याचे दात केव्हाच येऊन गेले होते. तिने त्याच्या तोंडचा पेला काढून घेतला, पाणी मोरीत ओतलं आणि रिकामा पेला साहेबांपुढे धरला. तिच्यामागे आणखी पेले पुढे येऊ लागले. थर्मासात पाणी एकट्या आईपुरतंच होतं.