लूपपाशी उभं राहणारं माणूस

मुलीने दोन बोटं बेसिनच्या नळाखाली धरली होती. टोकांवर मसुराएवढे पांढरे ठिपके. रक्त नाही, फोड नाही, पण आत कुठेतरी थेट हाडाशी आग पेटलेली. दातांच्या कवळ्या घडवण्याचं तिचं काम याच बोटांवर चालायचं. वडील टॉवेल घेऊन शेजारी उभे होते, आणि तो पुढे करावा की नाही, हेही त्यांना ठरवता येत नव्हतं.

आईनेच आधी तोंड उघडलं. "घरात घसा फुटेस्तोवर हाका मारल्या तरी यांना ऐकू येत नाही. सातासमुद्रापलीकडचा तो मित्र नुसता खोकला तरी ऐकू येतं!"

"हल्ली मी त्याला ऐकू जात नाही," वडील हळूच म्हणाले.

ते खरंच होतं. एकेकाळी दोघांनी एकाच जहाजावर रेडिओ सांभाळला. निवृत्तीनंतर ते रविवारी दुपारी रेडिओवरून हवेतच भेटत. इमारतीवर उंच अँटेनाला परवानगी नव्हती, म्हणून वडिलांनी बाल्कनीत तांब्याच्या नळीचं मोठं कडं उभारलं होतं, तोच लूप. त्याच्या माथ्यावरच्या कपॅसिटरची, म्हणजे लहरी जुळवणाऱ्या भागाची, पाती केसभर चुकली, की लूप मुका होई. तो जुळवायची रीत घरचीच. मुलगी बाल्कनीत त्या पात्यांची मूठ फिरवी, वडील आत मीटरकडे पाहत बारीक सिग्नल सोडत. "अजून... अजून... पुरे!" त्या 'पुरे'वर डोळे मिटून विसंबण्याची तिला लहानपणापासूनची सवय.

मग मित्र वृद्धाश्रमात गेला. तिथल्या विजेच्या खरखरीत वडिलांचा आवाज बुडू लागला आणि घरात सिग्नल कैकपटींनी वाढवणारा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आला. तेव्हा नियमही त्यांनीच घातला होता: लूप जुळवायचा तो अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवून. तो चालू असताना माइकचं बटण दाबलं, की पात्यांमध्ये हजारो व्होल्ट उभे राहतात; अशा वेळी हात लावणं सोडाच, बाल्कनीत पाऊलही टाकायचं नाही.

"मी विचारलं होतं, बाबा. बंद आहे ना? तुम्ही हो म्हणालात."

"सवयीनं तोंडातून गेलं असेल."

"सवयीनं?" तिने नळ बंद केला. "की तुमचा मित्र लागला होता म्हणून?"

वडिलांनी टॉवेलची घडी उलगडली, पुन्हा घातली. "फार पुसट होता गं. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला असता, तर त्याचे व्हॉल्व्ह पुन्हा तापेपर्यंत तो निघून गेला असता. वाटलं, क्षणभराचं तर काम. मूठ लाकडी आहे."

"मूठ हातातून निसटते, बाबा. बोटं पात्यांना लागतात."

"आता मोटर बसवतो. आतूनच फिरवू. तिकडे कोणी जायलाच नको."

"ती आधीही बसवता आली असती."

"तू होतीस ना."

आईने कपाळाला हात लावला.

आतल्या खोलीतून स्पीकरची खरखर आली आणि तिच्यातून एक थकलेला आवाज वर आला. तो वडिलांना हाक मारत होता, ऐकू येतंय का म्हणून विचारत होता. वडिलांची मान नकळत तिकडे वळली.

मुलीने ते पाहिलं. "एवढंच सांगा. मी ओरडले, तेव्हा माइकचं बटण लगेच सोडलंत, की वाक्य पुरं करून?"

वडिलांनी टॉवेल बेसिनच्या काठावर ठेवला. मग ते त्या आवाजाच्या दिशेने, आतल्या खोलीकडे निघून गेले.