नदी विकणाऱ्या राजाचा चौरंग

मी नदी विकणाऱ्या राजाचा चौरंग बोलतोय. राजा खोटा, नदी खरी. बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, तेव्हा बोलण्यात थोडं मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

मला घडवलं घानातल्या असुबेनी नदीकाठच्या एका म्हाताऱ्या कारागिराने. राजाचा चौरंग करायचा तर आमच्याकडे आधी झाडाच्या बुंध्याशी दारू ओतून क्षमा मागतात. माझ्या वेळी म्हाताऱ्याने बाटली उघडलीच नाही. "तू नाटकातला," तो मला म्हणाला, "तुझ्यात कुणाचा जीव येऊन बसायला नको. उगाच डोक्याला ताप." मला जरा अपमानच वाटला होता.

मला विकत घेतलं सेर्वाने. फिरती नाटक मंडळी तिचीच. लॉरीच्या टपावर ढोल, पडदे आणि मी, आत सगळे नट. सेर्वा राजमाता व्हायची आणि याव दोन्कोर राजा. नाटकातला राजा सोन्याच्या लोभाने नदी विकतो, मासे मरतात, पोरं आजारी पडतात. शेवटी राजमाता भर दरबारात त्याच्या पायांतल्या चपला काढून घेते. राजाचे अनवाणी पाय मातीला लागले की संपलं, तो राजा राहत नाही.

याव काय काम करायचा म्हणून सांगू. चपला निघताना तो असा आक्रसायचा की खाली माझंही अंग आखडायचं. बायका डोळे पुसत रंगमंचावर चढायच्या, सेर्वाच्या हातात उकडलेली अंडी, पानात बांधलेले मक्याचे उंडे, केंकी, ठेवायच्या. "खाऊन घे बाई, आणि ह्या मेल्याला सोडू नकोस." दुसऱ्या दिवशी याव बाजारात दिसला की मासेवाल्या पाट्या झाकून घ्यायच्या.

"नदी विकलीस ना? मग आता सोनं चावून खा."

"अगं मावशे, ते नाटकात," याव हसत म्हणायचा. त्याला हे फार आवडायचं.

पुढे खरोखरच सोनं काढणारे आले. वरच्या अंगाला यंत्रं लागली आणि आमचं पाणी दूध घातलेल्या चहासारखं दिसू लागलं. त्याच सुमारास याव खासदारकीच्या निवडणुकीला उभा राहिला. लोकांचा हिशेब सरळ होता. ज्याला नदीपायी गावोगाव पायउतार केलं, तो नदी पुन्हा कशाला विकेल? प्रत्येक सभेत तो माझ्यावर बसून बोलला आणि भरघोस मतांनी निवडून आला. सेर्वा त्या दिवशी लॉरीवर चढून नाचली.

आठवण म्हणून त्याने मला आपल्या कचेरीत ठेवून घेतलं. म्हणून पुढचं मला कानांनी ऐकावं लागलं.

यंत्रं सरकत सरकत सेर्वाच्या माहेरच्या घाटावर आली होती. तिची आई, भावंडं, सगळं गाव तिथलंच पाणी प्यायचं. सेर्वा कचेरीत आली आणि तिने टेबलावर गढूळ पाण्याची बाटली ठेवली.

"याव, हे पी."

"आधी बस तर खरी. काय घेणार?"

"पी म्हणते ना."

"सेर्वा, परवाने वरून येतात. मी फक्त सही केली. राजकारण तुला नाही कळायचं."

"मग लोकांनी तुला मतं कशासाठी दिली?"

"अगं, ते नाटक होतं," याव म्हणाला. "लोकांचं सोड, तुलाही सांगावं लागतं का?"

ह्या वेळी तो हसला नाही. मी हबकलो. इतकी वर्षं ज्याला पाठीवर घेतलं, तो माणूस मला कधी कळलाच नव्हता.

कोनफळांच्या सणाला गावात नाटक ठरलं. राजाचं काम आपण स्वतः करणार, असा यावचा निरोप आला. लोक खूश होतील, फोटो येतील, एवढाच त्याचा विचार असावा. मला कचेरीतून आणून, पुसूनबिसून नदीकाठी मांडलं गेलं.

याव माझ्यावर बसला. अंगावर राजाचं भरजरी कापड, आणि खाली पाहतो तर पायांत नाडीचे बूट. राजा बूट घालून बसलेला पाहून मासेवाल्या फिदीफिदी हसल्या. शेवटचा प्रवेश आला. सेर्वा गुडघे टेकून एकेक गाठ सोडू लागली. वेळ लागत होता. हसू विरत गेलं. त्याचे अंगरक्षक इथलेच, हे नाटक पाहत वाढलेले. राजमातेला अडवायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"सेर्वा, मोजे तरी राहू दे," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

तिने मोजेही काढले आणि त्याचे आक्रसलेले पाय त्या पिवळ्या चिखलात टेकवले. कुणी टाळी वाजवली नाही. मागून एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "उठा आता, दुसऱ्याला बसू द्या." याव उठला आणि अनवाणीच गाडीत जाऊन बसला. मला वाटलं, झालं, नदी सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रं पुन्हा सुरू झाली. खासदार अनवाणी झाला तरी खासदारच राहतो, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या आवाजाने मी जेवढा हादरलो तेवढा जन्मात हादरलो नव्हतो. घाटावर बायका कमरेवर हात ठेवून नुसत्या उभ्या होत्या.

पण खरा धक्का काल बसला. नाटकानंतर मी मंडळीच्या खोलीतच राहिलो होतो. सेर्वा तिथे आली, तिने दार लावलं आणि ती माझ्यावर बसली. राजमाता आजवर कधी माझ्यावर बसली नव्हती. समोर कुणी नसताना ती मोठ्याने म्हणाली, "मी सेर्वा, पुढच्या निवडणुकीला यावविरुद्ध उभी आहे." मग तेच तिने पुन्हा एकदा, जरा हळू म्हणून पाहिलं.

सेर्वा, मला तुझी भीती वाटते आणि तुझ्यासाठीही वाटते. तिकडे जा, पण मला सोबत नेऊ नकोस. ह्याच खोलीत असू दे. निवडून आलीस आणि पाणी पिण्याजोगं झालं, तर येऊन सांग. नाही झालं, तरी ये.