तिघांची गाडी

मोटारसायकल घ्यायला आलेलं माणूस आधी पुढे बसून बघतं. हँडल धरतं, पाय जमिनीला टेकतात का ते चाचपतं, कोणाचं लक्ष नाही असं बघून आरशात तोंडही बघून घेतं. ही बाई मात्र दुकानात शिरली, काळ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि सरळ मागच्या सीटवर चढून बसली. तेही दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून. मग तिने सवयीने उजवा हात उचलला. तिथे एक खांदा असायला हवा होता, तो नव्हता. हात तसाच परत मांडीवर आला आणि ती म्हणाली, "सीट जरा कडकच आहे."

विक्रेत्याने जन्मात बरीच गिऱ्हाइकं पाहिली असतील, पण हे ध्यान त्याला नवीन होतं. त्याने अदबीने विचारलं, "चालवणार कोण?"

"नवरा."

"ते नाही आले?"

"येतायत," ती म्हणाली.

हे "येतायत" ती साडेचार वर्षं सांगत होती. घरमालकिणीला सांगून झालं होतं, लॅबमधल्या सगळ्यांना सांगून झालं होतं. लॅब म्हणजे दातांची. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे यायचे, त्यावर ही बाई मेणात एकेक दात बसवायची, वरचा खालच्यावर नीट टेकतो का बघायची, हिरड्यांचा रंग जुळवायची, आणि शेवटी घासून घासून कवळीला अशी चकाकी आणायची की म्हाताऱ्यांनी उगाचच हसावं. हात सोन्याचा होता, म्हणून तर परदेशातून बोलावणं आलं. "बायको दुसऱ्यांचे दात घासून पोट भरते," असं नवरा चारचौघांत सांगायचा आणि वर स्वतःच हसायचा. तो शाळेत चित्रकलेचा मास्तर. ठरलं असं होतं की हिने आधी जायचं, बस्तान बसवायचं, मग त्याने लेकीला, बिट्टीला, घेऊन यायचं. निघायच्या दिवशी हिच्या डोळ्यांचं पाणी खळेना, तेव्हा तोच म्हणाला होता, "रडतेस काय वेड्यासारखी? तिकडे आपण मोठी गाडी घेऊ. तिघं मिळून भटकू."

मग पासपोर्टाचं राहिलं. मग लेकीचं शाळेचं वर्ष मधेच तुटायला नको म्हणून राहिलं. मग सासूबाईंचा गुडघा. मग नवऱ्याची बढती, जी अजून झाली नव्हती पण होणार होती. दर वेळी अंगण नव्याने वाकडं निघायचं. ही ऐकून घ्यायची. आपलेच दात नि आपलेच ओठ, ओरडणार कोणावर?

पण नवऱ्याला ती ओळखून होती. भला माणूस मोटारसायकलवेडा. हिला बघायला आला तेव्हा पोहे गार होईपर्यंत खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीकडे बघत बसला होता. हिच्या मावशीने तर विचारलंही होतं, "मुलगी पसंत आहे की गाडी?" आयुष्यभर शाळेत जायला त्याने एक शंभर सीसीची खटारा गाडी वापरली, आणि रस्त्याने एखादी मोठी गाडी धडधडत गेली की वळणापर्यंत मान वळायची. तेव्हा हिने मनाशी ठरवलं, की म्हशीला पेंड दाखवावी तशी याला गाडीच दाखवायची. तारखा विचारून दमले, आता गाडी दारात उभी करते. मग बघू कसा येत नाही. फार मोठी नको, ती त्याला झेपायची नाही. लहान नको, ती त्याने जन्मभर हाणली. मधली हवी.

म्हणून ती सुटीच्या दिवशी दुकानं धुंडाळत होती, आणि प्रत्येक गाडी मागे बसून पारखत होती. तिला दुसरं काही येतच नव्हतं. इंजिनाचं तिला काय कळणार? पण मागे बसल्यावर खड्डा कुठे लागतो, पाय कुठे भरून येतो आणि पुढच्याच्या कानाशी बोललेलं त्याला ऐकू जातं का, हे तिला पक्कं कळत होतं.

दुसऱ्या खेपेला तिने पैलवानला बरोबर नेलं. पैलवान म्हणजे तिची खोलीतली जोडीदारीण. धंद्याने फिजिओथेरपिस्ट, दिवसभर आडव्या पडलेल्या लोकांना उभं करायची, त्यामुळे दंड असे की बरणीचं झाकण उघडत नसलं की आख्खा मजला तिच्याकडे यायचा. बारा वर्षांनी लहान होती, हिला ताई म्हणायची.

"तू पुढे बस," ती पैलवानला म्हणाली. "नवऱ्याच्या जागी."

"मी नवरा? मग आजपासून भांडी तू घासायचीस."

"ती आत्ताही मीच घासते. बस गुपचूप. आणि खांदे जरा पाड, तो इतका रुंद नाही."

विक्रेता लांबून हसू दाबत होता. लाल गाडी उंच निघाली. पैलवानचेच पाय कसेबसे टेकले, मग उंचीने बेताच्या मास्तरचं काय? हिरवीचं इंजिन म्हणे नावाजलेलं, पण मागची सीट अशी उतरती की ब्रेक लागला की बायको थेट नवऱ्याच्या मानगुटीवर. "तिथे तर तू तशीही बसलेलीच आहेस," पैलवान म्हणाली. राहिली काळी. सीट रुंद, मागे धरायला जाड कडं, आवाज कसा घुमदार, आणि टाकी चांगली सपाट.

त्या टाकीवर तिने पंजा पसरून ठेवला. मग जरा सरकवून पुन्हा ठेवला.

"काय करतेस?"

"बिट्टी मावेल ना इथे?"

पैलवान हळूच म्हणाली, "ताई, इथे दोघांवर तिसरं माणूस चालत नाही. आणि बिट्टी आता टाकीवर बसायची आहे का? नऊ वर्षांची झालीय."

"कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गं. तेवढ्यात कोण बघतंय?"

तिला ठाऊक नव्हतं असं नाही. दर रविवारी फोनवर ती लेकीला बघत होती, लेकीचे दात पडले, नवे आले, पुढचा एक तिरका आला आणि तो इतक्या लांबून सरळ करता येत नाही म्हणून हिचा जीव खालीवर झाला. तरी मोटारसायकल म्हटलं की चित्र एकच, टाकीवर हँडल धरून बसलेलं ते एवढंसं ध्यान, मधे मास्तर आणि मागे आपण.

नवऱ्याला ती दर आठवड्याला गाडीचं सांगायची. पहिल्यांदा त्याने भराभरा दहा प्रश्न विचारले. मग पाच. गेल्या रविवारी तो म्हणाला, "तुला आवडेल ती घे गं." हिला वाटलं, माझ्यावर सोपवलंय. बायका किती भोळ्या असाव्यात याला काही धरबंध नाही.

या रविवारी काळी नक्की करायची होती. विक्रेत्याने गाडी दाराशी उजेडात आणून उभी केली. ती मागे बसली, पैलवान नवरा होऊन पुढे बसली, आणि हिने फोन लावून समोर धरला. फोन लेकीने घेतला.

"बिट्टे, बघ! टाकी बघ केवढी! ओळख कोण बसणार इथे?"

"पैलवानमावशी," लेक म्हणाली.

दोघी हसल्या. लेकही हसली, तिरका दात दिसला. मग म्हणाली, "आई, तू आमच्याकडे कधी येणारेस?"

ती हसतच होती. हसता हसता म्हणाली, "आमच्याकडे काय गं? घरी म्हणावं. आपल्या घरी."

"हां, तेच. आमच्या घरी."

पोरीचा त्यात काही दोष नव्हता. तिने मुद्दाम म्हटलं असतं तर दोन धपाटे घालता आले असते. तिच्या तोंडात जे बसलं होतं ते आलं. आपण म्हटलं की समोरचं माणूस घरात असतं, आम्ही म्हटलं की ते दारात उभं असतं, आणि आईला दारात उभं केलंय हे त्या बिचारीच्या गावीही नव्हतं. हिने फोन जरा जवळ धरला. "बाबांना दे," ती म्हणाली.

नवरा आला. तिने काही न बोलता कॅमेरा गाडीवर धरला. टाकीवरून, इंजिनावरून, चाकांवरून सावकाश फिरवला. क्षणभर त्याचा चेहरा असा उजळला की हिला वाटलं, जिंकले. येतोय हा.

"छान आहे," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "पण तू आता एवढ्यात घेऊ नकोस."

"का?"

"मी बोलणारच होतो तुझ्याशी. आम्ही ठरवलंय, इथेच राहायचं."

"आम्ही म्हणजे कोण हो?"

"म्हणजे आई, मी, बिट्टी. तिघं बसून बोललो."

तिघं. हिच्या मोजणीतले तिघं वेगळे होते.

"मला विचारावंसं नाही वाटलं?"

"तुला विचारलं असतं तर रडली असतीस. आणि तू रडलीस की मला नाही म्हणता येत नाही." तो चिडला नव्हता, हेच वाईट होतं. अगदी समजावून सांगत होता. "तूच सांग, तिकडे येऊन मी काय करू? कवळ्यांना रंग देऊ? बिट्टीच्या मैत्रिणी इथे, शाळा इथे. आईला ती एक मिनिट सोडत नाही. आमचं चाललंय गं नीट."

"मग मी येते परत," ती म्हणाली. "नकोच ती गाडी. सगळं आवरून येते."

त्याने मान वळवून मागच्या कपाटाकडे पाहिलं.

"ये की," तो म्हणाला. "ये ना. नाही कोण म्हणतंय? कपाटातला तुझा कप्पा बिट्टीला दिलाय, पण बघू. होईल काहीतरी सोय."

माणूस वाईट नव्हता. खरंच मनात कपाटाची जुळवाजुळव करत होता, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण सोय पाहुण्यांची करतात. घरच्या माणसाला कोणी सोय होईल म्हणत नाही, ते येतं आणि कप्प्यातलं दुसऱ्याचं खाली काढून आपलं ठेवतं. ही त्याला जन्मभर "तुम्ही" म्हणत आली, तो मान त्या एकट्याचा होता. आता ती म्हणाली, "बरं. तुम्ही राहा नीट," आणि त्या तुम्हीमध्ये तिघं होते. त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "तूही सांभाळ," आणि फोन ठेवला.

पैलवान पुढे बसलेली होती, तिला सगळं ऐकू आलं होतं. ती मागे वळली नाही. हिने मात्र हात उचलला आणि तिच्या खांद्यावर ठेवला, आणि तो खांदा रुंद निघाला.

विक्रेता कागद घेऊन आला. "मग हीच ना? केव्हा येतायत साहेब?"

"नाही येत," ती म्हणाली. साडेचार वर्षांत पहिल्यांदा म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. गाडी विकायची राहिली म्हणून नव्हे, भला होता बिचारा. धीर द्यायला म्हणून म्हणाला, "तुम्ही शिका ना चालवायला. पुष्कळ बायका शिकतात. अवघड नाही काही."

तेव्हा तिचा बांध फुटला. आधी राग, मागोमाग रडू. "मला नाही शिकायची!" ती भर दुकानात ओरडली. "मला चालवायची नव्हतीच कधी. मला मागे बसायचं होतं."

दुकानातली माणसं बघायला लागली. पैलवानने तिला दंडाला धरून उतरवलं, आपल्या आडव्या पडलेल्या लोकांना उभं करते तसं, आणि बाहेर आणलं. बसथांब्यावर दोघी बसल्या. दोन बस येऊन गेल्या. हिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पैलवान तिला एकामागून एक कागदी रुमाल देत होती.

फोन वाजला. लेक होती, आजीच्या फोनवरून.

"आई, आजी म्हणते तू बाबांवर रागावलीस. रागावलीस?"

"नाही गं."

"मग आवाज असा का?"

"सर्दी झालीय."

"वाफ घे," लेक म्हणाली. मग तिला काहीतरी सुचलं. "आई, तू सुट्टीत ये ना आमच्याकडे. माझ्या पलंगावर झोप. मी खाली गादी घालून झोपीन, मला चालतं."

"येईन हं."

"आणि आलीस की लगेच जायची घाई नाही करायची हं! चांगली आठ दिवस राहा."

एवढीशी पोर, पण माणसाला कसं बोलवावं ते तिला कोणीतरी छान शिकवलं होतं. हिने डोळे पुसले आणि पाहुणीने म्हणावं तसं म्हणाली, "हो. राहीन की आठ दिवस."