विठाबाईच्या ओरडण्याची कॅसेट

मी कॅसेट बोलतेय. आजवर माझ्या तोंडून दुसरेच गायले, हसले, खोकले. आज जरा माझंही ऐका. माझ्या अंगावर बॉलपेनने 'नवज्योत गायन पार्टी, नाशिक' असं लिहिलंय, पण त्या नावाने मला कुणी विचारत नाही. दुकानात आलेलं गिऱ्हाईक म्हणतं, "ती आई ओरडते ती कॅसेट द्या."

आम्ही जन्मतो त्या कोऱ्याच. मला भद्रकालीतल्या आपल्या दुकानात आणलं शौकतने. कॅसेटी भरून देणं हा त्याचा धंदा. लग्नातली सनई, कव्वाली, पुढाऱ्याचं भाषण, जे सांगाल ते तो भरायचा. माझ्या नशिबी काय येतंय याची मला धाकधूक होती. भाषण आलं असतं तर मी वाळवीलाच शरण गेले असते.

एक्याऐंशी सालच्या बुद्धपौर्णिमेला नाशिकरोडच्या एका वसाहतीत नवज्योतचा कार्यक्रम होता. पार्टीचा कर्ता सहादू, सातपूरच्या कारखान्यात फिटर. त्याचा बाप पेटी घेऊन गावोगाव प्रबोधनाची गाणी म्हणायचा. याने कुठून तरी जुनी इलेक्ट्रिक गिटार पैदा केली आणि ढोलकीच्या शेजारी नेऊन उभी केली. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, तरुण पोरं वेडी झाली. गायला लताबाई, ढोलकीला काळू.

सहादूने त्या दिवसासाठी एक बेत केला होता. तिसऱ्या गाण्यात, दोन कडव्यांच्या मध्ये, एकट्या गिटारचा लांबलचक तुकडा. शेजाऱ्यांच्या धाकाने घरी त्याने वायर न जोडताच सराव केला. त्यामुळे बोटं हलताना घरच्यांनी पाहिली, पण तुकडा कुणाच्याच कानावर पडला नाही.

आता शौकतची अक्कल बघा. माझ्यासाठीचा माइक त्याने बांधला तो नेमका बायकांच्या बाजूच्या बांबूला. आणि त्याच बांबूला पाठ टेकून बसली होती विठाबाई, सहादूची आई.

तुकडा सुरू झाला. लताबाई गाणं थांबवून बाजूला उभी राहिली. विठाबाईने उभा जन्म नवऱ्याची गाणी ऐकलेली. वाजवणाऱ्याने गाणाऱ्याला साथ द्यायची, त्याची वाट अडवायची नाही, हे तिचं शास्त्र. तिला वाटलं, पोरगं पार चेकाळलंय आणि त्या बाईला तोंड उघडू देत नाही. थोडा वेळ तिने कळ काढली. मग माझ्या माइकपासून वीतभरावर तिचा आवाज फुटला.

"आरं सहादू, बास कर की आता! गाऊ दे की तिला! कवाची उभी हाय बिचारी!"

आणि सहादू थांबला. मिशीवाला, दोन लेकरांचा बाप, पण आई ओरडल्यावर हात आपोआप तारांवरून निघाला. तार टण्णकन वाजून गप्प झाली, काळूची ढोलकी एकटीच पुढे गेली आणि ठेचकाळली, सगळं मैदान हसलं, आणि लताबाईने पुढचं कडवं हसू दाबत उचललं. मी काय, जे आलं ते पोटात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सहादू दुकानात आला तो तोंड पाडूनच. "शौकत, हे पुस. मी नवीन वाजवून देतो."

"सहादूभाऊ, असली चीज परत होणार नाही," शौकत म्हणाला, आणि स्क्रू-ड्रायव्हरने त्याने माझे मागचे दात मोडले. घाबरू नका. आम्हा कॅसेटींच्या पाठीला दोन इवल्याशा पट्ट्या असतात. त्या मोडल्या की मशीनमध्ये रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही, म्हणजे आमच्यावर दुसरं काही भरता येत नाही. बोळकं झालं, पण जीव वाचला.

मग माझ्या कॉप्या निघाल्या. कांद्याच्या ट्रकांतून त्या विंचूर, देवळा, सटाण्यापर्यंत गेल्या. आणि दुकानासमोरच्या बाकावर रोज वाद पेटला. एका टोकाला सावळीराम मास्तर. "हा सरळ रसभंग आहे. ती जागा कापून टाकायला हवी." दुसऱ्या टोकाला ट्रक ड्रायव्हर गोटीराम. "मास्तर, ती जागा कापली तर राह्यलं काय? गाणी तर समदेच म्हणत्यात!" कुणी म्हणे ते आधीच ठरवलेलं होतं, कुणी म्हणे आई भाड्याची होती. आपण स्वतः तिथे हजर होतो असं सांगणारे तर इतके निघाले की तेवढी माणसं त्या मैदानात उभीसुद्धा राहिली नसती. वाद फार तापला की सगळे म्हणत, "कॉपीचा भरवसा नाही, मूळ लाव!" की मी पुन्हा मशीनमध्ये.

सहादूने हट्टाने दुकानात बसून स्वच्छ, बिनचूक कॅसेट भरली. तुकडा पुरा वाजवला. लोकांनी ती नेली आणि परत आणून दिली. "याच्यात आई नाय. फसवता का राव?"

त्या दिवशी तो बाकावर येऊन बसला. "माझी गिटार ऐकायला कुणी येत नाही रे," तो शौकतला म्हणाला. "आई मला कशी झापते, ते ऐकायला येतात. आणि तिलाही वाटतं मी नुसता धुडगूस घालतो." मला त्याची दया आली, पण माझ्या हातात काय होतं?

पुढे सटाण्याचं बोलावणं आलं. अट एकच, आईला आणायचं. भरून घ्यायला शौकतही मशीन घेऊन निघाला, त्याच्या सामानात मीही. नवज्योतच्या तिकडच्या एका कार्यक्रमात लोकांनी आधीच दंगा केला होता, "माय कोठे शे?" म्हणून, म्हणजे आई कुठाय. टेम्पोत सहादूने शेवटी धीर करून सांगितलं, "आई, तो गिटारचाच तुकडा असतो. लता मुद्दाम थांबते."

"मंग तवाच सांगायचं ना, येड्या!" विठाबाई म्हणाली.

सटाण्यात तिला पुढे खुर्ची दिली, हातात माइक दिला. मंडळाचा माणूस म्हणाला, "मावशी, तस्संच ओरडा हं." ती म्हणाली, "बघू."

तुकडा सुरू झाला. सगळं मैदान तिच्या तोंडाकडे बघतंय. सहादू मान खाली घालून वाजवतोय, आता ओरडेल, मग ओरडेल. ती ओरडली नाही. तिने डोळे मिटले होते. सहादूने पहिल्यांदाच चारचौघांत तो तुकडा शेवटापर्यंत वाजवला. हात थांबले. कुणी टाळीही वाजवेना. तेव्हा ती माइकमध्ये म्हणाली,

"थांबला का? वाजीव की अजून. तिला काय घाई नाय."

मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. सहादू रडत रडत वाजवत होता, चक्क चुकत होता, आणि त्याचं त्याला काही नव्हतं.

शौकत धावत मशीनकडे आला. मशीन गप्प. निघायच्या घाईत त्याने पिशवीतून कोऱ्या कॅसेटीऐवजी मला काढून आत घातलं होतं. माझे दात मोडलेले. रेकॉर्डचं बटण खाली गेलंच नव्हतं. गर्दीच्या गडबडीत त्याने पाहिलंही नव्हतं. माझ्यासमोर ते सगळं घडलं आणि मला त्यातलं अक्षरही घेता आलं नाही.

पुढल्या वर्षी विठाबाई गेली.

आता मी म्हातारी झालेय. माझी फीत नेमकी त्याच जागी झिजलीय. एकदा मशीनने गिळली होती, शौकतने पेन्सिल घालून गुंडाळली. बाकावरचा वाद अजून चालू आहे. गोटीराम सटाण्याची गोष्ट सांगतो आणि मास्तर म्हणतात, "पुरावा काय? टेपवर आहे का?"

सहादू तिथेच असतो, पण वादात पडत नाही. गर्दी पांगली की म्हणतो, "शौकत, मूळ लाव." विठाबाई ओरडते, "कवाची उभी हाय बिचारी!" आणि तो बटण दाबून मला थांबवतो. जरा वेळ तसाच बसतो. मग हसतो आणि म्हणतो, "हां, लाव पुढं."

तेव्हा मास्तरांसारख्या, मला साफ करायला निघालेल्या शहाण्यांनो, ही जागा कापू नका. माझ्या पोटात नुसतं रागावणं आहे. शाबासकी एकट्या सहादूला ऐकू येते, आणि तीही ते रागावणं ऐकल्यावरच.