सव्वासात फुटी काठी

अलाबामातल्या त्या तळ्याकाठच्या दुकानावर पाटी ड्यूई स्टॉलिंग्जच्या नावाची होती, पण गळ आणि काठ्या विकायची त्याची बायको व्हर्लीन. बावीस वर्षांनी आता गिऱ्हाईक कसलं आहे ते दारातून आत येतानाच तिला कळायचं. ट्रॅमेल हॉब्झ आला तेव्हाही कळलं. अंगात नामांकित स्पर्धक घालतात तसा, पैसे पुरवणाऱ्या कंपन्यांच्या बिल्ल्यांनी भरलेला कोरा करकरीत सदरा. त्यातल्या एकाही कंपनीने त्याचं नाव ऐकलेलं नसणार.

"ड्यूई नाहीत का?"

"मागे आहेत, जिवंत चाऱ्याच्या टाकीचं पाणी बदलतायत. काय हवंय?"

"काठीचं विचारायचं होतं."

"मग विचारा."

कुणी पुरुष उगवतोय का ते त्याने एकदा पाहून घेतलं आणि नाइलाजाने सांगितलं. शनिवारी बास मासे पकडायची स्पर्धा. तळं पाणगवताने गच्च. एकाच काठीने गवतावर माशाला भुलवायचा रबरी बेडूकही नाचवायचा होता आणि बुडालेल्या झाडांत शिशाचा गळही सोडायचा होता.

व्हर्लीनने एक साधी काळी काठी काढली. "सव्वासात फुटी, जड. टोक नरम आहे, बेडूक हवा तिथे पडतो. खाली कणा ताठ, मासा गवतासकट ओढून आणतो. दोन्ही कामं हीच करेल."

"ही म्हाताऱ्यांची वाटते," ट्रॅमेल म्हणाला आणि त्याने भिंतीवरची सोनेरी कड्यांची आठ फुटी उचलली. "व्हिडिओत हीच वापरतात."

"ती बांबूसारखी ताठ आहे. बेडूक माशाच्या तोंडातून उपटून आणाल."

तेवढ्यात ड्यूई हात पुसत बाहेर आला. "वा, काय पारख आहे साहेब," तो म्हणाला. सडक्या चाऱ्याच्या डब्यात डोकावावं तसं व्हर्लीनने नवऱ्याकडे पाहिलं आणि सोनेरी काठी बांधून दिली.

शनिवारी कोण कुणाच्या होडीत, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. व्हर्लीनही स्पर्धेत होती, ती निघाली ट्रॅमेलच्या होडीत.

"तुम्ही मागे बसा, मिस व्हर्लीन. पाण्यात पडू नका म्हणजे झालं."

ती मागे बसली. पुढची सगळी चांगली जागा त्याने आधी झोडपून घ्यायची आणि उरलंसुरलं तिला. त्या उरल्यासुरल्यात तिने दहा वाजेपर्यंत तीन मासे काढले. तिच्या हातात तशीच काळी काठी होती, दुकानातली नव्हे, स्वतःची. ट्रॅमेलच्या बेडकावर चार मासे उसळले. चारही वेळा त्याने खांदा निखळेल असा झटका दिला आणि चौथ्यांदा बेडूक परत येऊन त्याच्याच कानशिलावर बसला.

"गवत फार आहे," तो म्हणाला.

"हो. मलाही तेच गवत आहे."

तासाभराने तो म्हणाला, "जरा तुमची देता? बघतो नुसती."

तिने दिली. दया वगैरे आली नव्हती. त्याचं रुसलेलं तोंड आणखी चार तास पाहायची तिची तयारी नव्हती, एवढंच. दहाव्या फेकीला गवताखालून पाणी फुटलं.

"थांबा. ओढू नका. दोन मोजा. आता."

काठी खालपर्यंत वाकली, गवताचा भारा होडीकडे सरकत आला आणि त्यात सात पौंडांचा बास निघाला. ट्रॅमेलने तो छातीशी धरला. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

वजनाच्या वेळी त्याच्या एका हातात ध्वनिक्षेपक, दुसऱ्यात अजून व्हर्लीनचीच काठी. दिवसातला सर्वांत मोठा मासा त्याचा. "गच्च गवतात शिरायचं तर काठी निवडता आली पाहिजे," तो म्हणाला. "मी पहिल्यापासून सांगतोय, सव्वासात फुटी घ्या. टोक नरम, कणा ताठ." ड्यूईसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

व्हर्लीन तळलेल्या माशाची बशी घेऊन रांगेत होती. तिने बशी ठेवली, हात पुसले, पुढे गेली आणि त्याच्या मुठीतून काठी सोडवून घेतली.

"अहो, फोटो तरी होऊ द्या."

"तुमची सोनेरी आहे की होडीत. ती धरा. फोटोत छान दिसेल."

कुणीतरी फिसकन हसलं. ट्रॅमेलचे कान लाल झाले.

घरी जाताना गाडीत ड्यूई कुरकुरला, "गिऱ्हाईक घालवलंस ना."

"जातंय कुठे? दुसरं दुकान चाळीस मैलांवर आहे," व्हर्लीन म्हणाली. "आणि तू कशाच्या टाळ्या वाजवत होतास?"